खिशातली हाक

आमच्या खासी डोंगरांत मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक धून बांधते. नाव कागदापुरतं. रानात हाक मारायची ती धुनेनंच, कारण नाव घेतलं की तिथली भुतं ते पाठ करतात. आणि आपली धून कानी आली की हातातलं टाकून आवाजाच्या दिशेनं निघायचं.

फिडालियाचा थोरला भाऊ ख्रॉबोर या शिस्तीत नको इतका मुरलेला. आई जायच्या आधी त्यानं तिच्या आवाजातली आपली धून मोबाइलमध्ये भरून घेतली आणि रिंगटोन करून टाकली.

आज फिडालियाच्या धाकट्या लेकीचं, इबाचं लग्न. मामानं होकार दिल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, आणि मामा, म्हणजे ख्रॉबोर, पहाटेच मध काढायला रानात गेलेला. पाहुण्यांची तिसरी सुपारी चघळून झाली.

"ऊन कलायच्या आत मामा आले नाहीत तर आम्ही उठू," नवरदेवाचा मामा म्हणाला.

फिडालियानं फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. लावतच राहिली.

तेवढ्यात गावातली ड्रोलिंडा रानातून मोळी घेऊन उतरली. "अगं फिडा, तुझा भाऊ फणसाभोवती गरागरा फिरतोय! 'आलो आई, आलो आई' म्हणत."

"मग येत का नाही?"

"कुठे येणार? आवाज त्याच्याच खिशात! डावीकडे वळला की हाकही डावीकडे. फणसाखाली गोल खड्डा पडलाय, कमरेपर्यंत आत गेलाय बिचारा."

फिडालियानं हात पोळल्यासारखा फोन खाली ठेवला. आता ती धून स्वतः गाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण तिचा गळा असा, की ती अंगाई म्हणायची तेव्हा शेजारची कोंबडी अंड्यांवरून उठून जायची. म्हणून आयुष्यभर ती चारचौघांत गायलीच नव्हती.

"आई, गा ना गं," इबा रडकुंडीला आली.

फिडालिया अंगणाच्या कडेला गेली, डोळे मिटले आणि गायली. दरीपलीकडची माकडं एकदम गप्प झाली.

थोड्याच वेळात ख्रॉबोर मातीनं माखलेला, धापा टाकत अंगणात हजर.

"माझी धून इतकी वाईट कोण म्हणतंय? मधे सूर चढवायचा असतो, तू पाडलास कसा?"

"दादा, आधी पोरीला होकार दे!"

"दिला! आता नीट म्हण." आणि तो स्वतः गाऊन दाखवू लागला.

पाहुण्यांना वाटलं, हा विधीच असावा. नवरदेवाच्या मामानं टोपी सारखी केली आणि सगळं वऱ्हाड अदबीनं मागोमाग गाऊ लागलं.

चाळीस जणांनी हाक मारलेली. ख्रॉबोर बिचारा शिस्तीचा माणूस. एकेकासमोर जाऊन "आलो, आलो" करत संध्याकाळपर्यंत अंगणभर फिरत राहिला. जेवण त्याला फिडालियानं मागे मागे धावत भरवलं.