भिंत नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि मला भिंत नाही. भिंतीवाचून दरवाजाने जगावे, हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत असे.

पूर्वी माझे एक खरे घर होते. ते पाडले गेले तेव्हा मी जुन्या सामानाच्या दुकानात इतर दारांना टेकून उभा राहिलो. दारांमागे दारेच होती. उघडायला कुठे जागा नव्हती. तिथे एक तरुण नेपथ्यकार आली. नाटकातली घरे आणि रस्ते रंगमंचावर उभे करणे हे तिचे काम. हे तिचे पहिलेच नेपथ्य होते. नाटकाचा दिग्दर्शक तिचा थोरला भाऊ, आणि नाट्यसंस्थेच्या मंडळींनी त्याला बजावले होते, की बहिणीचे काम फसले तर पुन्हा तिचे नाव काढायचे नाही. पैसे बेताचे होते. नवा दरवाजा करवून घेण्यापेक्षा मी स्वस्त पडलो.

चूक तिथेच झाली. मी अस्सल जड लाकडाचा, आणि तिने केलेल्या भिंती चौकटींवर ताणलेल्या कापडाच्या. पहिल्याच तालमीत मी मिटलो आणि अख्खे घर शहारले.

"अगं, हे घर आहे की वाळत घातलेली चादर?" भाऊ म्हणाला. सगळे हसले. ती नखे कुरतडत माझ्याकडे पाहत राहिली. दुसरे काही करण्याइतके पैसे उरले नव्हते. अखेर तिने भिंती उतरवल्या आणि माझी चौकट लोखंडी पायांवर घट्ट बसवली. रिकाम्या रंगमंचावर मी एकटा उरलो. माझ्या दोन्ही अंगांना नुसती हवा होती.

"भिंती प्रेक्षक बांधतील, दादा," ती म्हणाली. "आपल्यापैकी कुणी त्यांतून चालत गेलं नाही म्हणजे झालं."

म्हणून तिने नियम केला. पाणी प्यायला जायचे असले तरी माझ्यातूनच जायचे. चुकेल त्याला परत पाठवायचे. सर्वांत जास्त चुकत ते बापाची भूमिका करणारे काका. एकदा ते सरळ भिंतीतून आत आले. तिने नुसते पाहिले. "मला वाटलं, भुताचं काम दिलंय," असे पुटपुटत ते मागे फिरले आणि पाय पुसून दारातून आले. मी मात्र धास्तावलेलाच असे. एका चुकार पावलाने माझे घर नाहीसे होणार होते.

नाटकात घर सोडून गेलेला बाप परत येतो. मुलगी दार उघडत नाही. अगदी शेवटी उघडते. सारे नाटक त्या उघडण्याकडे चाललेले होते.

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी दिव्यांच्या उजेडात माझ्या कडेवर तिला चरे दिसले. काळजीने तिचे हात स्वस्थ बसेनात. तिने रंगाचा आणखी एक हात दिला. तो वरून वाळला, आत ओलाच राहिला. पहिल्या अंकात मी उघडा होतो. मध्यंतरात मला मिटले, आणि मी चौकटीला चिकटलो.

शेवटच्या प्रसंगात मुलीने मला ओढले. मी हललो नाही. तिने पुन्हा ओढले. पडद्याआड नेपथ्यकाराने स्वतःच्या रंगलेल्या बोटांकडे पाहिले आणि तिला सारे कळले.

"काकांना खूण कर," भाऊ कुजबुजला. "बाजूनं येऊ देत."

तिने नकारार्थी मान हलवली. ओठ मात्र पांढरे पडले होते. काकांनी मोकळ्या बाजूकडे एकदा पाहिले. एका पावलाचे अंतर होते. मला वाटले, गेले घर.

मग त्यांनी माझ्यावर कपाळ टेकले. जे बोलले, ते संहितेत नव्हते.

"राहू दे, बाळ. घाई नाही. मी इथंच आहे."

आतून मुलीने माझ्यावर तळहात ठेवला. माझ्या दोन्ही बाजूंनी दोघांचे श्वास मला लागत होते. काकांनी हळूच खांदा लावला, रंग फाटल्याचा आवाज झाला, आणि मी उघडलो.

पुढच्या नाटकाचे नेपथ्य तिलाच मिळाले. ती फाटलेली कड तिने पुन्हा कधी रंगवली नाही.

आता मी संस्थेच्या कोठारात मधोमध उभा आहे. ओलीने तळ कुजतो आहे, बिजागऱ्या कुरकुरतात. नवी माणसे शिडी न्यायला येतात आणि मला वळसा घालून जातात. केस पिकलेली, रंगलेल्या बोटांची एक बाई मात्र येते तेव्हा मला उघडते, आत जाते आणि मागे हलकेच लोटते. ती यायची थांबली की माझे काय, हा विचार मला सोडत नाही.

मित्रांनो, बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. रंग पुरता वाळू द्या. आणि मोकळ्या जागेत एखादे दार एकटेच उभे दिसले, तर बाजूने जाऊ नका. तिथे कुणीतरी घर बांधलेले असते.