पाठीमागून गेलेली गाडी

कुर्डुवाडीच्या यार्डात एक बुटकं इंजिन उभं असे. त्याच्या अंगावर पितळी पाटी, आणि पाटीवर लिहिलेलं ‘लीड्स’. लहानग्या विनायकला वाटायचं, लीड्स हे इंजिनाचं आडनाव.

*

सिंगापुरात ओल्या नारळाला तोटा नाही. शेंडीचा हवा असेल तर मात्र टेक्का मार्केट गाठावं लागतं.

*

‘सर, जुलैपासून पुरवणी बदलतेय. तुमच्या सदराचा शेवटचा लेख मंगळवारपर्यंत मिळाला तर बरं होईल. शब्द सहाशे. आणि सर, जरा रिलेटेबल ठेवा ना.’

*

स्कॉटलंडच्या डोंगरात अशी स्टेशनं आहेत की तिथे गाडी हवी असेल तर हात दाखवावा लागतो. एसटीला दाखवतात तसा.

*

फंक्शन रूममध्ये उघडी ज्योत पेटवू नये. भिंतीवर काही चिकटवू नये. डुरियन हे उग्र वासाचं फळ आणू नये.

*

मधुमतीबाईंचं मत: गाडी ही गावाला जाण्याची वस्तू आहे, बघण्याची नव्हे.

*

आता हे सुटे डबे एकेक करून जोडू या.

विनायकराव सबनीस हे पुण्याचे पत्रकार. बातम्या त्यांनी पोटासाठी केल्या, जीव मात्र रेल्वेत. तरुणपणी कार्डिफला पत्रकारांच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा सोमवार ते शुक्रवार वर्गात डुलक्या काढल्या आणि शनिवार-रविवार गाड्यांतून इंग्लंड-स्कॉटलंड पालथं घातलं. लीड्सला जाऊन त्या आडनावाचं मूळ गावही पाहून आले. परत आल्यावर ‘रुळावरून’ हे सदर सुरू केलं, ते आजतागायत चालू. त्याला नियम एकच होता आणि तो कोणी न सांगता स्वतःच स्वतःला घालून घेतलेला: जी गाडी डोळ्यांनी पाहिली नाही, तिच्यावर एक ओळ लिहायची नाही. एकदा संपादकांनी जपानच्या बुलेट ट्रेनवर लिहा म्हणून गळ घातली, तर यांनी उत्तर दिलं, “पाठवा जपानला, लिहितो.” संपादकांनी पाठवलं नाही, यांनी लिहिलं नाही.

आणि आता दोन हजार अकराच्या जूनमध्ये सदर बंद होत होतं. नवा संपादक त्यांच्या नातीपेक्षा फार तर थोडा मोठा. तेही एक वेळ चाललं असतं, पण योगायोग असा की त्याच महिनाअखेरीस सिंगापुरातली जुनी मलायन रेल्वेही बंद होत होती. तांजोंग पगारचं स्टेशन, बुकित तिमाचं इवलंसं विटांचं ठाणं, तिथला लोखंडी पूल, हाताने ओढायचे सिग्नल, सगळंच. बुकित तिमाला तर अजून जुनी पद्धत चालू होती. ड्रायव्हरने धावत्या गाडीतून वेताची मोठी कडी टाकायची आणि फलाटावरच्या माणसाच्या हातून दुसरी उचलायची. ती कडी हातात असेल तरच पुढच्या एकेरी रुळावर जायची परवानगी. इंग्रजांनी लावलेली सवय, इंग्रज गेले तरी राहिली.

विनायकराव लेक निहारिकाकडे आंग मो किओला आले ते हे पाहायलाच. बाहेरून सांगितलं, नातवंडांना भेटायला. शेवटचा लेख या गाडीवर, हे पुण्यातच ठरलं होतं. गाडीत बसता येणार नव्हतं, कारण मलेशियाचा व्हिसा नव्हता. निदान फलाटावरून पाहायची. पण आल्या आल्या इथल्या एसीने इंगा दाखवला आणि आठवडाभर ते तापाने अंथरुणात. उठले तोवर एकच रविवार हाती उरला. सोमवारी पुण्याला परत.

नेमका त्याच रविवारी मराठी मंडळींनी त्यांचा कार्यक्रम ठेवला: ‘ब्रिटिश रेल्वेचा प्रवास: एक दृक्-श्राव्य अनुभव’.

“नाही म्हणून सांग,” विनायकराव जावयाला म्हणाले.

“बाबा, हेमचंद्रच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आहे,” कुशल म्हणाला. “तिथून बुकित तिमा स्टेशन चालत पाच मिनिटं. चारला सुरू, साडेपाचला चहा. संध्याकाळच्या गाडीला तुम्ही आरामात फलाटावर.”

विनायकराव हो म्हणाले. मराठी कार्यक्रम चारला सुरू होईल यावर आयुष्यभर पुण्यात कार्यक्रम झोडलेल्या पत्रकाराने विश्वास ठेवला. माणूस तापातून उठला की असा होतो.

दीपप्रज्वलन

ज्योत पेटवायची नाही म्हणून समईच्या आकाराचा बॅटरीचा दिवा आणला होता. हेमचंद्र, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर, आज डोक्याला कोल्हापुरी फेटा. त्यांनी विनायकरावांचा हात धरून बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग टाळ्या वाजवायला उठलेली मंडळी बसली आणि बॅटरीचे सेल शोधायला एक जण खाली सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात गेला.

“तोवर प्रास्ताविक करून घेऊ या का?” कोणीतरी सुचवलं.

“दिव्याच्या आधी प्रास्ताविक?” हेमचंद्र दुखावले. “असं कसं, सर?”

प्रास्ताविक

मंडळाची स्थापना कशी झाली इथपासून.

पाहुण्यांचा परिचय

सूत्रसंचालन सुचित्राकडे होतं. ती पाया लेबारच्या एका कंपनीत एचआरला होती आणि माणसाचा परिचय करून द्यायचा तर त्याचा बायोडेटा द्यावा असं तिला वाटे. शाळा, कॉलेज, पुरस्कार, सगळं झालं. विनायकरावांनी डाव्या बाहीखालून घड्याळ पाहिलं. गाडीने मलेशियाची हद्द ओलांडायची वेळ होऊन गेली होती.

“सरांना रेल्वेचं इतकं वेड,” सुचित्रा म्हणाली, “की असं म्हणतात, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी लांबून शिट्टी ऐकली आणि अंतरपाटाआडून म्हणाले, मालगाडी!”

हशा. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी मधुमतीबाई शेजारणीला म्हणाल्या, “पॅसेंजर होती. तेही चुकलंच होतं.”

सत्कार

शाल, श्रीफळ. टेक्काचा नारळ.

मुख्य भाषण

विनायकरावांच्या वाट्याला जेवढा वेळ उरला तेवढ्यात एखादी एक्स्प्रेस लहान स्टेशनातून निघून जाते. त्यांनी स्लाइड अशा पळवल्या की खिडकीतून दिसल्यासारख्या. हा रिबलहेडचा पूल, चोवीस कमानी. हे क्रू जंक्शन, इथल्या चहात चमचा उभा राहतो. आणि खिशातून काढून दाखवली ती यॉर्कला जुन्या बाजारात घेतलेली गार्डची शिट्टी.

“आणि एक लक्षात घ्या,” ते म्हणाले. बोलता बोलता त्यांच्या मनात काहीतरी जुळत चाललं होतं. “गार्डने हिरवा झेंडा दाखवला, शिट्टी फुंकली की गाडी सुटते. मागे कोण राहिलं, कोणाचा चहा राहिला, तो बघत नाही.”

तेव्हाच लांबून भोंगा ऐकू आला. पुलापलीकडून. बारीक, घसा बसल्यासारखा.

विनायकरावांनी स्लाइड तिथेच सोडली. गाडीला उशीर झाला होता! मलायन रेल्वेचा उशीर आणि मराठी कार्यक्रमाचा उशीर अशी शर्यत लागली होती आणि रेल्वे अजून हरलेली नव्हती.

आभारप्रदर्शन

“सर्वप्रथम मी आभार मानतो ते...” हेमचंद्रांनी कागद उलगडला. कागद उलगडतच गेला.

विनायकरावांनी शिट्टी तोंडाला लावली आणि फुंकली.

अशी फुंकली की पोहण्याच्या तलावातली दोन पोरं बाहेर आली. मग त्यांनी खांद्यावरची शाल सावरली आणि सरळ दाराबाहेर चालू लागले. मग सुचित्राने माइक घेतला आणि आनंदाने जाहीर केलं, “मंडळी, सर आपल्याला प्रत्यक्ष अनुभव देतायत! सर्वांनी कृपया सरांच्या मागे!”

आणि सगळे निघाले. पैठण्या, झब्बे, बाबागाड्या, हातात अर्ध्या राहिलेल्या साबुदाणा वड्याच्या कागदी बश्या. सिग्नल लाल होता, तर सगळे शिस्तीत थांबले, कारण सिंगापूर. विनायकराव एका पायावरून दुसऱ्या पायावर.

“आजोबा, so slow lah,” नात वल्लरी त्यांना ओढत होती. “Run!”

स्टेशनवर आधीच कॅमेरेवाल्यांची जत्रा होती. रहमत नावाचा वयस्क मलय कर्मचारी फलाटाच्या कडेला कडी घेऊन उभा होता. विनायकराव त्याच्याजवळ पोचले. नजरेच्या टप्प्यात पूल, पुलावर अजून काही नाही. जागा मिळाली होती, वेळ मिळाला होता. त्यांनी चष्मा पुसला.

“सर!” मागून हेमचंद्र धापा टाकत आले. “या काकांचा सत्कार व्हायला हवा, सर. एवढी वर्षं सेवा! कुशल, दुसरी शाल आण रे.”

“नंतर,” विनायकराव म्हणाले.

“नंतर कसं, सर? आणि तुमच्याच हस्ते. पाहुणे असताना आम्ही कसं करणार?”

शाल आली. रहमतला काही कळेना, पण माणूस भला, मान वाकवली. विनायकरावांनी शाल घातली, स्वतःला मिळालेला नारळ त्याच्या मोकळ्या हातात ठेवला आणि वळणार, तोच दोन्ही बाजूंनी दोन दंड धरले गेले.

“सगळे या! ग्रुप फोटो! गाडी मागे यायला हवी हं!”

मुरलेल्या मंडळींच्या सवयीने तीन रांगा आपोआप लागल्या. उंच मागे, बायका मध्ये, मुलं खाली बसलेली. सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून. प्रमुख पाहुणे मधोमध. रूळ पाठीला.

“अरे, मला ती...”

“सर, हसा!”

पाठीमागे पूल वाजायला लागला. आधी बारीक, मग पायाखालून. विनायकरावांनी मान वळवली तर डोळ्यांसमोर हेमचंद्रांचा फेटा, केशरी, बोटाएवढ्या जाड वेढ्यांचा. उजवीकडून वळवली तर कोणाच्या तरी बाळाचं पोट. डिझेलचा वास आला. गरम वारा मानेवरून गेला. काहीतरी फटकन वाजलं, लोक ओरडले, टाळ्या पडल्या. खडखड, खडखड, खडखड. मग ती लांब जायला लागली.

“एक अजून! कोणाचे तरी डोळे मिटले होते.”

दंड सुटले तेव्हा रूळ रिकामे होते.

त्या रात्री आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये विनायकराव लॅपटॉप उघडून बसले होते. समोर कोरं पान. कुशलने फोटो मोठा करून दाखवला. त्यात चाळीस हसरे चेहरे, एक रडवेला चेहरा आणि गाडीच्या जागी फेटा.

“बाबा, लिहा ना तसंच,” निहारिका म्हणाली. “वास आला, आवाज आला. कोणाला कळणार आहे?”

“मला.”

“मग नियम मोडा एकदा. शेवटचाच तर आहे.”

“शेवटचा आहे म्हणूनच नाही मोडत.” त्यांनी संपादकाला ओळ टाइप केली: ‘शेवटचा लेख देता येत नाही. क्षमस्व.’ बोट पाठवायच्या कळीवर ठेवून ते थांबले.

मधुमतीबाई खुर्चीत बसून भेंडी चिरत होत्या. “त्याने कडी डाव्या हाताने घेतली,” त्या म्हणाल्या.

“कोणी?”

“ड्रायव्हरने. आणि आपली टाकली ती त्या रहमतच्या शालीत अडकली. मग नारळ काखेत मारून त्याने ती सोडवली आणि नारळासकट सलाम ठोकला.”

विनायकराव हळूहळू वळले. “तू कुठे होतीस?”

“तुमच्या मंडळाच्या सतरा पर्सा सांभाळत पायऱ्यांवर. फोटोत पर्सा नकोत म्हणाल्या सगळ्या.” भेंडीचं देठ बाजूला पडलं. “ड्रायव्हर तुम्हा सगळ्यांच्या पाठीकडे बघत होता. आपल्याकडे कोणी बघतंय का, असा. मी बघत होते म्हणून माझ्याकडे बघून त्याने भोंगा दिला. छोटासा. शेवटच्या डब्याच्या दारात एक बाई उभी होती, ती चपात्या खात होती. म्हणजे तसलंच काहीतरी. गुंडाळी होती.”

“थांब, थांब.” विनायकरावांनी टाइप करायला घेतलं. “डबे कसे होते?”

“मळकट पांढरे. खाली निळा पट्टा.”

“आणि इंजिन पुलावर आलं तेव्हा...”

“अहो,” मधुमतीबाईंनी सुरी खाली ठेवली. “मी बघितलंय, तुम्ही लिहिणार, मग नियमाचं काय झालं?”

निहारिका आणि कुशलने एकमेकांकडे पाहिलं. विनायकरावांनी संपादकाला लिहिलेली ओळ खोडली, लॅपटॉप उचलला आणि भेंड्यांच्या ताटलीशेजारी ठेवला.

“सहाशे शब्द,” ते म्हणाले. “भेंडी मी चिरतो.”

“मला नाही जमणार ते.”

“जमेल. गाड्यांतलं काही कळत नाही, इथून सुरुवात कर.”

तशीच केली. लेख असा सुरू होतो: ‘मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण चाळीस माणसं जिच्याकडे पाठ करून उभी राहतात, ती गाडी कशी जाते, ते मी सांगू शकते.’ विनायकरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापली होती. त्यांनी तो दोनदा वाचला, ‘नयनरम्य’ हा एक शब्द कापला आणि बाकी तसाच ठेवला. भेंड्या मात्र जाडजूड चिरल्या गेल्या होत्या. ‘रुळावरून’ या सदराखाली पहिल्यांदाच आणि शेवटचंच दुसरं नाव छापून आलं, ते मधुमती सबनीस.

आदल्या बुधवारी, विनायकराव तापात झोपलेले असताना, मधुमतीबाई कोणाला न सांगता एक बस बदलून एकट्या बुकित तिमाला गेल्या होत्या आणि पायऱ्यांवर उभं राहून एक गाडी पाहून आल्या होत्या.