सरांच्या टिपणांचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. कपड्यांचे नव्हे, कार्डांचे. मला चोवीस खण आहेत. कायद्याच्या महाविद्यालयात नव्याने लागलेल्या एका तरुण प्राध्यापकाने मला सुताराकडून हौसेने करवून घेतले.

सरांचा विषय खासगी कायदा. म्हणजे माणसामाणसांतले व्यवहार: करार, नुकसानभरपाई, वारसा. वाचलेला प्रत्येक निकाल ते कार्डावर उतरवत आणि माझ्या खणात ठेवत. त्यातून एक मोठा ग्रंथ व्हायचा होता. बरोबरीचे लोक पातळ पातळ पुस्तके काढून विभागप्रमुख झाले. सर मात्र "अजून एक खण भरू दे" म्हणत म्हणत निवृत्त झाले. मला त्यांचा अभिमान वाटे आणि रागही येई.

मग मी त्यांच्या घरी आले. सर आजारी पडले. त्यांचे किरटे अक्षर फक्त एका जुन्या विद्यार्थिनीला लागत असे. ग्रंथ तीच पुरा करणार होती. म्हणून सरांनी मृत्युपत्र केले: कपाट आणि कार्डे तिला. एक साक्षीदार म्हणून शेजारी आले. दुसरा यायचा होता, तो आलाच नाही.

"तूच कर सही," सर विद्यार्थिनीला म्हणाले.

"सर, पण ज्याला मिळायचंय त्याचीच साक्ष कशी चालेल? तुम्हीच शिकवलंय."

"आता तू मला शिकवणार? उद्याचा भरवसा नाही माझा. कर मुकाट्यानं."

सरांना धाप लागली होती. तिने सही केली. तो नियम माझ्या नवव्या खणात सरांच्याच अक्षरात होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सर गेले. त्या सहीमुळे तिचा हक्क बुडाला आणि सगळे सरांच्या पुतण्याला मिळाले. "कपाट ठेवा, मला नुसती कार्डं द्या," ती त्याला म्हणाली.

"ताई, तुम्ही एवढं मागताय म्हणजे त्याला काहीतरी किंमत असणार. असू द्या आमच्याकडेच."

त्याने मला गॅरेजमध्ये ओल्या भिंतीला टेकवले. विद्यार्थिनी आणखी दोनदा आली, मग आली नाही. आता वाळवी तळापासून वर चढते आहे. करार संपले, नुकसानभरपाई संपली. काल ती वारशाच्या खणांत शिरली.

मित्रांनो, गुरूंचा मान जरूर राखा. पण त्यांची चूक दिसली, तर एकदा बोलून थांबू नका. वाईट दिसले तरी पुन्हा बोला. मी तेव्हा पलंगाशेजारीच उभे होते. मी पडले लाकूड, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.