चौथ्या क्रमांकावर शिडी

देशाच्या महिला क्रिकेट संघाची प्रशिक्षक होऊन तिला अकरा महिने झाले होते. तेवढ्या काळात तिला एक गोष्ट नक्की कळली होती. हे काम आपल्याला तिच्यापेक्षा बरं जमलं असतं असं न वाटणारा माणूस शोधून सापडायचा नाही. दाढ भरून घ्यायला गेली, तर दंतवैद्याने आधी तोंडात आरसा आणि नळी घातली आणि मग विचारलं, "मॅडम, सलामीची जोडी मोडत का नाही तुम्ही?" जीभ बधिर, जबडा उघडा. माणूस काय वाद घालणार? ती नुसतं "आँ" म्हणाली. त्याने तो होकार समजून पुढच्या सामन्याचे अकराच्या अकरा खेळाडू सांगून टाकले. घरी सासूबाई. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टीव्हीवर सुनेला कोणी नावं ठेवली की त्या जेवायच्या नाहीत, आणि लागोपाठ पाच सामने हरल्यावर त्यांचं वजन दोन किलो उतरलं होतं. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. तो शहाणा, त्यामुळे काहीच बोलायचा नाही.

ती स्वतः एके काळची यष्टिरक्षक. बारा वर्षं यष्टींमागे उकिडवी बसून बसून गुडघे गेले, पण नजर तयार झाली. कोणाचा पाय अर्धा इंच सरकला, कोणाच्या पोटात गोळा आलाय, हे तिला लांबून दिसायचं. मुली तिला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

आणि आता घोडामैदान जवळ आलं होतं. पात्रता फेरीचा शेवटचा सामना. जिंकलं तर विश्वचषक, हरलं तर घर. आदल्या दिवशी क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं, समोर बसवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "हार तर उद्या ठरलेलाच आहे, मॅडम. गळ्यात घालायचा की पचवायची, तेवढं तुम्ही बघा." स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच खूश झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि थोरलीला चौथ्या क्रमांकावरच खेळवा. लोक तिला बघायला येतात. बाकी प्रयोग नकोत."

थोरली म्हणजे संघातली सगळ्यांत ज्येष्ठ फलंदाज. सोळा वर्षं खेळत होती. तिचं पोस्टर नाही असं मुलींचं वसतिगृह नसेल. पण समोरच्या संघात एक डावखुरी फिरकी गोलंदाज होती, जिला दुर्बिणीच्या मुली 'भोवरा' म्हणायच्या, आणि या भोवऱ्याने गेल्या सात सामन्यांत थोरलीला पाच वेळा गुंडाळलं होतं. टप्पा पडला की चेंडू बाहेर वळायचा, थोरलीची बॅट त्याच्यामागे जायची, आणि खेळ खलास. संघाचा आकडेवाला, म्हणजे लॅपटॉपवर सगळ्या चेंडूंचा हिशेब ठेवणारा गृहस्थ, रोज तेच चित्र तिला दाखवायचा. पाच लाल ठिपके, सगळे एकाच जागी.

उपाय सरळ होता. तोच चेंडू डावखुऱ्या फलंदाजाला आत येतो आणि आत येणारा चेंडू उचलून भिरकावता येतो. पण सलामीला खेळणारी एक मुलगी सोडली, तर संघात डावखुरी एकच. ती म्हणजे शिडी. सहा फुटांची वेगवान गोलंदाज, फलंदाजीत नववी, बॅट धरायची ती चादर झटकल्यासारखी. दुर्बिणीने तीन आठवडे, बाकीच्या जेवायला गेल्या की, शिडीला सरावाच्या जाळीत नेलं. स्वतःचा दुखरा खांदा चोळत रोज शंभर चेंडू टाकले. "हे आपल्या दोघींतच ठेव," असं बजावलं.

बाहेर फुटू नये म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. थोरलीसमोर उभं राहून "तुझ्या जागी मी दुसरीला पाठवणार आहे" हे म्हणायचं धाडस तिला होत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सामन्याची सकाळ उजाडली.

प्रतिस्पर्ध्यांनी वीस षटकांत एकशे एक्कावन्न धावा केल्या. एकशे बावन्न काढायच्या होत्या. डोंगर नाही, पण टेकडी म्हणावी अशीही गोष्ट नव्हती. मैदान गच्च भरलं होतं. पायऱ्यांवर, कठड्यांवर, जाहिरातींच्या फळ्यांमागे, जागा दिसेल तिथे माणूस होता आणि सगळा गलका एखाद्या मोठ्या यंत्रासारखा एकसारखा चालू होता.

सलामी झकास झाली. पाचव्या षटकात डावखुरी सलामीवीर गेली, तरी अडतीस झाल्या होत्या. सातव्या षटकात भोवरा गोलंदाजीला आली आणि दुसऱ्याच चेंडूवर कर्णधाराची यष्टी उडाली. चव्वेचाळीस, दोन बाद. मैदान एकदम गप्प झालं आणि मग कुठून तरी थोरलीच्या नावाचा घोष सुरू झाला.

थोरली हेल्मेट चढवून उठली. पायरीपर्यंत पोहोचली.

"थांब," दुर्बीण म्हणाली. "शिडी, तू जा."

शिडी केव्हाची पॅड बांधून ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात बसली होती. सगळ्यांना वाटत होतं की पोरीला हौस आली आहे. ती उठली आणि थोरलीच्या बाजूने अंग चोरून गेली.

"मी दुखावलेय का कुठे?" थोरलीने हळू विचारलं. "पाय, हात, काही?"

"नाही."

"मग?"

"भोवऱ्याच्या ओव्हर संपू देत. मग तू."

थोरलीने हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि खुर्ची मैदानाकडे वळवून बसली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

नवव्या क्रमांकाची गोलंदाज चौथी उतरलेली पाहून मैदानात आधी हशा पिकला, मग शिट्ट्या. अध्यक्ष जिने उतरून खाली आले. श्वास लागलेला. "हा काय प्रकार आहे, मॅडम?"

"सामना संपला की सांगते."

"तो आत्ताच संपतोय."

पहिला चेंडू शिडीला दिसलाच नाही. दुसरा पॅडवर आदळला आणि अकराच्या अकराजणी पंचांपुढे हात पसरून ओरडल्या. पंचांनी मान हलवली. नाबाद. दुर्बिणीचा हात नकळत आकडेवाल्याच्या मनगटावर गेला होता. तो बिचारा सोसत होता.

तिसऱ्या चेंडूला शिडीने तो लांबलचक उजवा पाय पुढे टाकला, गुडघ्यात वाकली आणि बॅट फिरवली. चादर झटकल्यासारखीच, पण यावेळी चादरीत सगळं अंग होतं. चेंडू वर गेला, आणखी वर गेला आणि घड्याळाच्या मनोऱ्याशेजारी लोकांच्या अंगावर कोसळला. सहा. पुढचा त्याच दिशेला, जमिनीलगत, चार.

मग मैदानाने जो आवाज केला, तो दुर्बिणीला कानांपेक्षा तळपायांना जास्त जाणवला.

नवव्या षटकात भोवरा परत आली. शिडीने तिला दोनदा उचललं, एकदा रेटलं, सतरा धावा कुटल्या. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं झालं. प्रतिस्पर्ध्यांच्या कर्णधाराने घाईघाईने भोवऱ्याला काढून लांब सीमेवर उभं केलं. अकराव्या षटकात एका वेगवान गोलंदाजाला तसाच पट्टा मारायला जाऊन शिडी झेलबाद झाली, तेव्हा तिच्या नावावर अठरा चेंडूंत अडतीस होत्या. छप्पन चेंडू उरले होते आणि छप्पन धावा हव्या होत्या. परत येताना तिला बॅट कुठल्या हातात धरावी तेही सुचत नव्हतं. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. "मी म्हणतच होतो," ते शेजाऱ्याला सांगत होते.

थोरली उतरली. जाताना तिने शिडीच्या पाठीवर थाप मारली. दुर्बिणीकडे मात्र वळूनही पाहिलं नाही.

आता सोपं होतं, आणि सोपं असतं तेव्हाच माशी शिंकते. दुसरी सलामीवीर उगाच धावली आणि बाद झाली. मागची आली तशी गेली. धावा मुंगीच्या पावलांनी यायला लागल्या. थोरली एक टोक धरून होती, पण समोर कोणी टिकत नव्हतं. शेवटच्या षटकाला नऊ हव्या होत्या, समोर थोरली, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या कर्णधाराने चेंडू भोवऱ्याच्या हातात दिला. तिची षटकं त्यांनी राखून ठेवली होती.

ज्या जोडीला आमनेसामने येऊ द्यायचं नाही म्हणून दुर्बिणीने तीन आठवडे खांदा झिजवला, ती जोडी सगळ्यांत वाईट घटकेला समोरासमोर उभी होती. आकडेवाल्याने लॅपटॉप मिटला.

पहिला चेंडू, दोन धावा. दुसरा बॅटची कड चाटून यष्टिरक्षकाच्या हातांतून निसटला, धाव नाही. बाकावरच्या एका मुलीने टॉवेल तोंडात कोंबला. तिसऱ्यावर एक. चौथ्यावर समोरच्या मुलीने डोळे मिटून एक चोरली. दोन चेंडू, पाच धावा, थोरली समोर.

पाचवा चेंडू अगदी त्या लाल ठिपक्यांच्या जागी पडला आणि बाहेर वळला. दुर्बिणीला पुढचं पाठ होतं. पण थोरली त्याच्यामागे गेलीच नाही. तिने गुडघा टेकला, मनगटं उलटी वळवली आणि सोळा वर्षांत कधी न मारलेला फटका मारला. चेंडू वळत होता त्याच दिशेला, उलट्या झाडूने ढकलावा तसा. यष्टिरक्षकाच्या बाजूने तो सुसाटत सीमेपार गेला. चार.

"हे कुठून आलं?" दुर्बीण उभी राहून म्हणाली.

एक चेंडू, एक धाव. सगळ्या क्षेत्ररक्षक जवळ आल्या. थोरलीने चेंडू नुसता मऊ हातांनी पायाशी पाडला आणि धावत सुटली. भोवऱ्याने झेप घेऊन तो उचलला, वळून फेकला. थोरलीने अंग झोकून दिलं. यष्टी उधळल्या, धूळ उडाली आणि निर्णय पडद्यावर गेला.

ते अर्धं मिनिट दुर्बिणीने जमिनीकडे बघून काढलं. अकरा महिने सगळं बघितलं होतं, एवढं तिला बघवेना. मग शिडीने तिला कमरेला धरून सरळ वर उचललं, तेव्हा तिला कळलं.

पुढच्या तासाभरात काय काय झालं हे तिला नंतर धड आठवेना. नवऱ्याचा फोन आला. तो काही तरी बोलत होता आणि मागे सासूबाई "वाढ मला, आधी वाढ" म्हणत होत्या. अध्यक्ष पत्रकारांना सांगत होते की हा धाडसी निर्णय सर्वानुमते झाला होता. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं. डोकं दुसरीकडेच होतं.

थोरली ड्रेसिंग रूमच्या मागच्या खोलीत एकटीच बसली होती. कोपर चांगलंच सोललं होतं, मातीही आत गेली होती. दुर्बिणीने औषधांची पेटी आणली, खाली बसली आणि कापूस ओला केला. गुडघे कडकड वाजले.

"तो फटका," ती म्हणाली. "कधी शिकलीस?"

"सहा आठवडे झाले. बहिणीच्या घरी, गॅरेजमध्ये. ती चेंडू टाकते, मी मारते. तिच्या गाडीची एक काच गेली." थोरलीने दात आवळले. औषध झोंबत होतं. "मलाही दिसतात ते ठिपके, मॅडम. मी काय आंधळी आहे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

दुर्बिणीने कापूस खाली ठेवला. या प्रश्नाला टीव्हीवर देण्याजोगी तीन-चार उत्तरं तिच्याकडे होती. त्यांतलं एकही तिने दिलं नाही.

"तुला तोंड द्यायला घाबरले," ती म्हणाली. "बाकी काही नाही. चुकलं माझं."

"शिडीला पाठवलंत ते बरोबर होतं," थोरली म्हणाली. "मला विचारलं असतंत तर मीच तिचे पॅड बांधले असते. पण पॅड घालून पायरीवर उभी असताना कळायला नको होतं. सगळ्या मुली बघत होत्या."

"हो."

"तिथेच ओरडणार होते तुमच्यावर. मग वाटलं, पुढचं षटक बघून ओरडू. मग तिने तो सिक्स मारला." तिला हसू आलं, ते तिने आवरायचा प्रयत्न केला आणि मग आवरलं नाही. बाहेरून मुलींची गाणी ऐकू येत होती, कोणी तरी बादली वाजवत होतं.

दुर्बिणीने पट्टी गुंडाळली, टोक चिकटवलं. "विश्वचषकात पहिला सामना ज्यांच्याशी आहे, त्यांच्याकडे दोन लेगस्पिनर आहेत," ती म्हणाली. "मी अजून काही ठरवलेलं नाही. तुला काय वाटतं?"

थोरलीने पायाने समोरची खुर्ची तिच्याकडे ढकलली.

"वर बसा आधी," ती म्हणाली. "गुडघे वाजतायत तुमचे. सांगते."