फागीचा प्रश्न

मी एक जुना ग्रामोफोन आहे. कर्णा गंजला आहे, तबकडी फिरवणारी आतली कमान तुटली आहे. हसू नका, मित्रांनो. जव्हार संस्थानात साखरशेतच्या शाळेत एके काळी माझा काय तोरा होता!

अनंतराव मास्तरांनी मला मुंबईहून पेंढ्यात गुंडाळून आणलं. शेवटचे कोस तर मी त्यांच्या डोक्यावर बसून आलो. मुलं घरी आपली बोली बोलत, पुस्तकातली मराठी काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना. मास्तरांनी छडी कोपऱ्यात ठेवली आणि नाटकातली गाणी लावली. मुलं गुणगुणू लागली, मग गाण्यातली वाक्यं एकमेकांशी बोलू लागली. सगळे माझं कौतुक करायचे. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

फक्त फागी गप्प असायची. भाताच्या लावणीच्या दिवसांत तिची आई तापाने गेली, तेव्हापासून तिने तोंडच उघडलं नव्हतं.

एका दुपारी नवी तबकडी लागली. गाणारी बाई विचारत होती, "सांज झाली गं, घरी तुझी वाट कोण पाहतं?"

"कोणी नाही," फागी म्हणाली. "आता कोणीच नाही."

सगळी मुलं वळून तिच्याकडे बघू लागली. मास्तरांनी घाईने सुई उचलली.

"गुरुजी, तिला गप नका करू! माझी आय हाय ती."

तिकडे मेलेल्या माणसाचे विधी करतात, तेव्हा ते माणूस भगताच्या अंगात येऊन त्याच्या तोंडून बोलतं. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर ते ताटकळत राहतं. फागीला मी भगतच वाटलो. मास्तर खरं सांगणार होते, पण पोर बोलत होती. त्यांनी सुई पुन्हा टेकवली.

मग रोज बाई विचारायची आणि फागी सांगायची. शेतात नागली किती पिकली, धाकटा भाऊ माघ्या कसा चालायला लागला, सगळं स्वच्छ मराठीत. मला मात्र भीती वाटू लागली. माझ्या कर्ण्यात खरंच कोणी येऊन बसलं आहे की काय?

एके दिवशी फागीनेच विचारलं, "आई, तिकडे तुझी वाट कोण पाहतं?"

तेवढ्यात माझी कमान कडकन तुटली. फागी कर्ण्याला कान लावून शाळा सुटेपर्यंत बसून राहिली.

पुढे तिची जीभ अशी सुटली, की खोडाळ्याच्या बाजारात ती भल्याभल्यांना ऐकायची नाही. पण माझ्यापाशी आली की थांबायची, वाकून ऐकायची.

फागी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तरी सांज झाली की माझ्या कर्ण्याला कोणाचा तरी गार कान लागतो. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. तेवढी कमान बसवून द्या. त्या पोरीला आणखी किती ताटकळत ठेवायचं?