हळदीच्या आधी

गिऱ्हाईक बाईने खुर्चीत बसल्या बसल्या पर्समधून पावडरचा डबा काढला की कलावतीचं डोकं फिरायचं. तिचं ठाकुर्लीचं पार्लर म्हणजे चाळीतली पुढची खोली. तिच्यात एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि मागच्या स्टोव्हचा वास पुढे येऊ नये म्हणून मधे टांगलेला पडदा. पण नियम कडक. आधी तोंड स्वच्छ पुसायचं, मग वाफ, मग मालिश, मग पॅक, मग गुलाबपाणी आणि सगळ्यात शेवटी क्रीम. क्रीमच्या आधी पावडर फासणाऱ्या बायका म्हणजे भात शिजल्यावर तांदूळ धुणाऱ्या, असं तिचं मत होतं आणि ते ती तोंडावर सांगायची. "अहो, आधी काय आणि मग काय, याला काही अर्थ आहे की नाही?" गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.

हे शिक्षण तिने ठाण्याला तलावपाळीजवळच्या एका कोर्सला घेतलं होतं, आणि हौसेने घेतलं नव्हतं. नवरा काळुराम ब्याऐंशी साली तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. सहा महिने दुसऱ्यांच्या भुवया कोरायला शिकली आणि पोटापुरतं कमवू लागली. डोंबिवलीपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडे यायच्या, तिच्या हाताखालून उजळून जायच्या आणि लग्नाची पत्रिका तेवढी द्यायला विसरायच्या. विसरायच्या कशाच्या म्हणा, नवरीच्या आसपास विधवा बाई नको हे त्यांच्या आयांना पक्कं ठाऊक असायचं. कलावती म्हणायची, बरं झालं, आहेराचा खर्च वाचला. असं म्हणून ती दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

तिचं माहेर कोलशेतच्या कोळीवाड्यात. भाऊ दामाजी जवळच्या एका कारखान्यात वॉचमन होता आणि पाळी नसेल तेव्हा खाडीत होडी घालायचा. त्याची थोरली मुलगी मंजुळा वीस वर्षांची झाली आणि त्र्याण्णवच्या मे महिन्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा खाडीपलीकडचा, कशेळीचा. नाव रघु. मुलाला मुलगी पसंत होती, पण त्याची आई गोदूबाई सुपारी फोडून निघताना उंबऱ्यात थांबली. "पोर गुणाची हाय," ती म्हणाली, "पण उन्हानं रापलीय. लग्नात जरा उजळ दिसूं द्या. आमच्याकडं व्हिडिओवाला येणार हाय."

मंजुळा आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसायची, रापेल नाही तर काय होईल? पण मुलीकडच्यांनी असं उलट विचारायचं नसतं. तिची आई भागीरथी दुसऱ्याच दिवशी ठाकुर्लीला आली. चहाला हातही न लावता म्हणाली, "कलाबाय, तू तेवढं कर. माज्या पोरीला तिथं कोणी तोंडावरून बोलाया नको."

कलावतीला काय वाटलं ते तिने भावजयीला दाखवलं नाही. पण अकरा वर्षांत घरच्या लग्नात तिच्या वाट्याला लसूण सोलण्यापलीकडे काही आलं नव्हतं, आणि आता नवरीचा चेहराच तिच्या हाती दिला होता. तिने वहीचं कोरं पान काढून तारखा घातल्या. पंधरा दिवस रोज दही आणि बेसन. आठ दिवस आधी पहिलं फेशियल. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ब्लीच, कारण ब्लीचचा उजाळा दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त खुलतो असा तिचा अनुभव होता. लग्नाच्या सकाळी मेकअप. पान लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं, आणि तिला त्यात काही उणं दिसलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवात कनाती बांधायचं काम चालू असताना, आतल्या खोलीत तिने मंजुळेला पाटावर बसवलं. ब्लीचची क्रीम आणि पावडर बशीत कालवली, कोपराच्या आत थोडी लावून पाहिली, आणि मग चेहऱ्यावर पसरली. अमोनियाचा वास नाकात गेला तशी मंजुळा शिंकली.

"चुरचुरतंय गो आत्या."

"चुरचुरणारच. डोळे मीट."

कलावतीने दहा मिनिटं ठेवायचं ते पंधरा ठेवलं. लोभ झाला तिला, दुसरं काय. थंड पाण्याने तोंड पुसलं तेव्हा मंजुळेचा गव्हाळ रंग एक पायरी उजळला होता आणि गालांची लव सोनेरी झाली होती. मंजुळा आरशात बघून हसली. कलावतीला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"आता ऐक," ती बशी धुता धुता म्हणाली. "वरची कातडी नाजूक झालेली असते. तीन दिवस तोंडाला साबण नाही, बेसन नाही, चोळणं नाही. फक्त पाणी आणि मी देते ती क्रीम. उद्याचा मेकअप मी हलक्या हाताने करीन, बाकी काही लागलं तर आग होईल, सूज येईल, काळे डागसुद्धा पडतात."

"बरं," मंजुळा म्हणाली. मग आरसा खाली ठेवून तिने विचारलं, "मग हळद?"

कलावतीच्या हातातली बशी तशीच राहिली.

हळद असते हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कोळीवाड्यात जन्मलेल्या बाईला ते कोणी सांगायला लागत नाही. लग्नाला एक वेळ माणूस येणार नाही, पण हळदीला सगळा गाव लोटतो. पण विधवा झाल्यापासून एकाही हळदीत तिला पुढे येऊ दिलं नव्हतं. हळद म्हणजे तिच्यासाठी मागच्या पडवीत बसून ऐकायची गोष्ट झाली होती: बेंजो, गाणी, बायकांचा कल्ला. ती एका चेहऱ्यावर चोळतात हे तिच्या हिशेबातून कधी गळून गेलं ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. पार्लरमधल्या नवऱ्या तर दोन बोटं लावून घेऊन मोकळ्या व्हायच्या. इथे तसं नव्हतं. इथे आधी नवऱ्या मुलाला हळद लागणार, त्यातली उरलेली उष्टी हळद वाजतगाजत खाडीपलीकडून येणार, आणि पाच सवाष्णी ती नवरीला कपाळापासून पायापर्यंत रगडून लावणार. आजच, संध्याकाळी पाच वाजता.

ती तडक मागे गेली आणि भागीरथीला चुलीपासून बाजूला ओढून सगळं सांगितलं. "तोंडाला नको लावू दे, वहिनी. हातापायाला लावा, गळ्याखाली लावा. तोंड तेवढं सोडा."

भागीरथीचा चेहरा उतरला. "त्यांच्या बाया हळद घेऊन येणार, समोर बसून बघणार. उष्टी हळद तोंडाला नको म्हणून कसं सांगू? नवऱ्याचा अपमान झाला म्हणतील."

"मी सांगते. माझी चूक आहे, मी सांगते."

"तू?" भागीरथी म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेने, कलावतीचा हात धरून बोलली. "बाय माजी, तू तर बोलूच नको. हळद कोणी थांबवली म्हणून विचारतील. तुजं नाव निघालं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

भागीरथी वाईट बाई नव्हती. तिने खरं तेच सांगितलं होतं, आणि तेच कलावतीला सगळ्यात जास्त लागलं.

राहिला एकच उपाय. साडेचारला तिने मंजुळेला पुन्हा आत घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर व्हॅसलीनचा जाड थर दिला. कपाळ, गाल, नाकाच्या बाजू, हनुवटी. हळद वरच्यावर राहील, कातडीला लागणार नाही. "पुसू नको," तिने बजावलं. "कोणी विचारलं तर खोबरेल आहे सांग." मंजुळेने मान हलवली. पोरगी घाबरली होती, पण आत्यावर तिचा विश्वास होता.

पाच वाजता बेंजो ऐकू आला. कशेळीच्या बायका हळदीचं तबक घेऊन मांडवात शिरल्या, मागोमाग व्हिडिओवाला दिवा घेऊन. कलावती पडवीच्या दारात, चौकटीच्या अलीकडे उभी राहिली; तिथून पुढे तिचं जाणं नव्हतं. पाटावर मंजुळा बसली होती. हळद लावायचा पहिला मान जनाबाईचा, दामाजीच्या थोरल्या चुलतीचा. सत्तरीची बाई, नवरा हयात, सात मुलं, गावातली एकही नवरी तिच्या हळदीशिवाय उठली नव्हती.

जनाबाईने मंजुळेच्या गालाला बोट लावलं आणि बोटाकडे बघितलं. "हे काय गो चोपडलंयस?"

"खोबरेल, आजी."

"नवरीच्या अंगावर हळदीच्या आधी काय नको. पयली हळद, मग बाकी सगळं." असं म्हणून तिने खांद्यावरचा पंचा घेतला, पाण्यात बुडवला आणि मंजुळेचं तोंड खसाखसा पुसून काढलं. एकदा पुसलं, चिकट लागलं म्हणून पुन्हा पुसलं. म्हातारीला क्रम ठाऊक होता. तो वेगळा होता इतकंच, आणि तो मांडवातल्या प्रत्येक माणसाला पाठ होता.

कलावतीने चौकट घट्ट धरली. ओरडावं, धावत जावं, तबक उलटं करावं असं तिला वाटलं. तिने भागीरथीकडे बघितलं. भागीरथी कशेळीच्या बायकांना पाणी देत होती आणि मुद्दाम इकडे बघत नव्हती.

हळद लागली. जनाबाईचा हात कामाचा, खरबरीत. तिने दोन्ही गाल वरपासून खालपर्यंत रगडले. मग दुसरी सवाष्ण, मग तिसरी. हौशी बायका, मायेने लावत होत्या, आणि जितकी माया तितका जोर. मंजुळेने डोळे मिटले. मग उघडले आणि नेमकं दाराकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कलावतीने नकळत मान हलवली, बोल, सांग त्यांना, म्हण माझ्या आत्याने काहीतरी लावलं होतं. मंजुळेने ओठ आवळले आणि नजर खाली घातली.

"रडतेय बघा," कोणीतरी म्हणालं. "माहेर सुटतंय." बायकांचे डोळे भरून आले आणि गाणं आणखी मोठ्याने सुरू झालं. व्हिडिओवाल्याने दिवा जवळ आणला.

अर्ध्या तासाने तोंड धुतलं तेव्हा मंजुळेचे गाल पेटल्यासारखे लाल झाले होते. जनाबाईने हनुवटी धरून ते उजेडाकडे वळवले आणि समाधानाने म्हणाली, "हळद चढली पोरीला." गोदूबाईची बहीण जवळ येऊन बघून गेली, तीही खूश होती. कलावतीला मागूनही बर्फ मिळेना. माशांच्या पेटीतला होता तो मेहुणे मंडळींच्या सरबतात गेला होता. तिने ओली फडकी बदलत बदलत संध्याकाळ काढली. दामाजी एकदा डोकावला, "सगळं ठीक ना?" म्हणाला, आणि उत्तर मिळायच्या आत त्याला आचाऱ्याने हाक मारली.

सकाळी मंजुळेचे डोळे सुजून बारीक झाले होते. गालांच्या उंचवट्यावरची कातडी सुटली होती आणि खाली दोन्हीकडे रुपयाएवढे काळपट, ओलसर चट्टे होते. भागीरथी दारात आली, बघितलं, पदर तोंडाशी नेला. मग तिने दार लोटून घेतलं आणि आतून कडी लावली.

"झाकून दे," ती म्हणाली. "काय पण कर, झाकून दे. बाराचा मुहूर्त हाय."

"वहिनी, यावर आज काहीच लावायचं नसतं. डॉक्टरला दाखवू या. ठाण्याला रिक्षाने अर्ध्या तासात—"

"आणि मांडवात सांगू काय? नवरी दवाखान्यात गेली?"

भागीरथी कडी काढून पाहुण्यांकडे गेली आणि खोलीत दोघीच राहिल्या.

"आत्या," मंजुळा म्हणाली. ओठ सुजल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "तू काल सकाळी कायतरी लावलेलंस ते मी कोणाला सांगितलं नाय."

"का नाही सांगितलंस गं? सांगायचं होतंस. थांबल्या असत्या."

"मग तुला परत कोणी बोलावलं नसतं."

कलावतीला रडू आलं, आणि नवरीपुढे रडू नये म्हणून ती बॅगेत तोंड घालून उगाच डब्या शोधत राहिली. फाउंडेशन काढलं, ओला स्पंज काढला. वीस वर्षांच्या पोरीने काल पाटावर बसून हे ठरवलं होतं, आणि ती स्वतः, अडतीस वर्षांची, चौकट धरून उभी राहिली होती.

"डाग राहील का गो?" मंजुळेने विचारलं.

कलावतीला माहीत नव्हतं. कदाचित महिन्याने जाईल, कदाचित कधीच जाणार नाही, आणि आज या कातडीवर रंग चढवला तर राहण्याचीच शक्यता जास्त. आजवर एकाही गिऱ्हाइकाला तिने खोटं सांगितलं नव्हतं, त्यापायी किती बायका तुटल्या होत्या.

"नाही राहणार," ती म्हणाली.

बाहेरून भटजींनी नवरीला बोलावल्याचा आवाज आला. मंजुळेला उत्तर पुरलं होतं. तिने सुजलेले डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि काल सकाळी धरला होता तसाच चेहरा पुन्हा आत्याच्या हातात दिला.