भोंग्याचे दोन सूर

पावण्याजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात सरकारी दवाखाना आहे. त्याच्या माळ्यावर एक गंजलेले धूड पडले आहे. मित्रांनो, तो मी, हाताने फिरवायचा जुना भोंगा. आवाज सोडला तर माझ्यात पूर्वीही फारसे काही नव्हते.

एकाहत्तर साली लढाई पेटली. नवी मुंबई तेव्हा कागदावरच होती, पण कारखाने उभे राहिले होते. बाँब पडले तर जखमींचे काय, ही काळजी सरकारला लागली. गावाने वर्षानुवर्षे मागूनही न मिळालेला दवाखाना लढाईने बघता बघता दिला. शाळेची एक खोली रिकामी झाली, स्ट्रेचर आले, औषधे आली, ठाण्याहून मालतीबाई नर्स आल्या आणि शाळेच्या छपरावर मी आलो.

माझा दांडा फिरवायचे काम मिठागरावरच्या दत्तूकडे होते. आवाज वर-खाली झाला की धोका. दिवे, चुली विझवा, घरात शिरा, दार लावा. लांब एकच सूर निघाला की धोका टळला, म्हणजे 'ऑल क्लिअर'. बाहेर या, आणि कुणाला लागले असेल तर त्याला मालतीबाईंकडे न्या. दत्तूने हे गावाकडून इतके घोटून घेतले की कोंबड्यासुद्धा माझा आवाज ऐकून खुराड्यात पळत.

बाँब काही पडला नाही. मिठाने चिरलेले पाय, यंत्रात सापडलेली बोटे, तापाने फणफणलेली पोरे मात्र येत राहिली. गावातली पुतळा नावाची बाई तर येता-जाता खोलीत डोकावून जाई. तिचे पहिले बाळ ठाण्याच्या वाटेवरच गेले होते आणि आता ती पुन्हा पोटुशी होती.

लढाई लवकरच संपली. गावाने पेढे वाटले, आणि पाठोपाठ हुकूम आला की खोली बंद करा. शत्रू हरला म्हणून पुतळाइतके कोणी रडले नसेल. मला फार वाईट वाटले.

मालतीबाईंनी ठाण्याला खेटे घातले, तेव्हा एक साहेब पाहणीला आले. गाव जमवायला बाई दत्तूला म्हणाल्या, "वाजव रे भोंगा, येऊ देत सगळे." दत्तूने सवयीने वर-खाली सूर काढला. झाले. धडाधड दारे लागली, भर दुपारी चुलींवर पाणी पडले.

साहेबांनी रिकामी आळी पाहिली. "बाई, तुमची माणसं कुठे आहेत?"

"घरान लपलीत, सायेब," दत्तू ओशाळून म्हणाला. "मीच शिकवलाय त्यांना."

मग त्याला दुसरा सूर आठवला. त्याने मला सावकाश, एकसारखे फिरवले. दारे उघडली आणि शिकवल्याप्रमाणे गाव दुखणेकऱ्यांना घेऊन निघाले. सुजलेल्या पायाच्या बायजाबाई आल्या, तापलेल्या पोराला कडेवर घेऊन रखमा आली, घाईत उंबऱ्यावर आपटलेले बाजीराव आले. सगळ्यांच्या मागून पुतळा आली, पोट सांभाळत.

"सायेब, लढाई सपली," ती म्हणाली, "पन माजी अजून व्हायचीय."

साहेब हसले नाहीत. "राहू द्या खोली," ते मालतीबाईंना म्हणाले. "वर मी बोलतो."

ते बोलले असणार, कारण खोली राहिली. फाल्गुनात पुतळाला तिथेच मुलगी झाली आणि एकाच सुरात, न थांबता रडू लागली. बाहेर बसलेला दत्तू म्हणाला, "आल किलेर."

पुढे लस टोचायच्या दिवशी माझा लांब सूर निघू लागला. मग लाउडस्पीकर आला आणि मी माळ्यावर गेलो. पुतळाच्या त्या लेकीची लेक आता सातवीत आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असा हट्ट मी धरणार नाही. पण खालच्या दवाखान्याला जपा. तो लढाईने आणला, पण राखला तो दार उघडून बाहेर आलेल्या माणसांनी. आणि मला कधी खाली काढून वाजवलेच, तर तेवढा लांब सूर काढा.